माझ्या घशातल्या दोन जावा

नगरच्या दवाखान्यात मी फेरतपासणीला गेले होते. तिथे मशीनमध्ये घालून फोटो काढतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर मला एक बाई भेटली होती. माझ्यापेक्षा बरीच लहान. मांडीवर पर्स, पर्सवर रिपोर्ट आणि रिपोर्टवर डोळ्यांतलं पाणी. मी विचारलं, "काय निघालं गं?" ती म्हणाली, "मानेतली नस भलत्याच जागी हाय म्हनतात. आता माझं काय व्हनार, मावशी?" मी तिला काही सांगणार, तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. बाहेर आले तर बाक रिकामा.

हे तिच्यासाठी लिहितेय. ती वाचेल की नाही कोण जाणे, पण तिच्यासारख्या आणखी असतील. त्यांना आधीच सांगते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको: मी आहे. भाकरी खाते, सुनेशी वाद घालते, नातीचा मोबाईल लपवून ठेवते. या हकिगतीत एक माणूस जाणार आहे, पण ते मी नव्हे. मी गेले असते तर बरं झालं असतं असंही नाही म्हणणार. खोटं कशाला बोलू?

घास

आमचं गाव खर्ड्याजवळ. शेताच्या बांधावर उभं राहिलं की किल्ल्याचा बुरूज दिसतो. मी अंगणवाडीत सेविका होते, आता घरी असते. माझा मुलगा दत्ता दुधाचा टेम्पो चालवतो. रेखा माझी सून आणि गौरी नात.

दिवाळीनंतर मला घास अडल्यासारखा वाटायला लागला. भाकरी नीट चावली तरी शेवटचा तुकडा घशात कुठंतरी रेंगाळायचा. पाणी प्याले, केळं खाल्लं, चमचाभर तूप गिळलं. सगळं खाली गेलं, ते मात्र जागच्या जागी. दुपारी आडवी झाले की कानाच्या आत, खोल, कुणीतरी सावकाश कांडतंय असं ऐकू यायचं.

शेवटी गौरीने मोबाईलची बॅटरी लावली. "आजी, आ कर."

मी केला.

"ई आजी! आत काहीतरी हलतंय."

"जीभ असेल माझी. ती कधी गप असते का?"

"जीभ नाही गं. तिच्या मागं, भिंतीवर. फुगलंय आणि टुकटुक उडतंय."

दत्ताने मला जामखेडला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे ही गर्दी. डॉक्टरांनी जीभ दाबली, मला उमासा आला, त्यांनी घाईने बघितलं आणि म्हणाले, "गाठीसारखं दिसतंय. छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू. गुरुवारी या."

तुकडा. हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना कळतो. ज्याचा तुकडा पाठवला त्याच्या घरी लोक येऊन बसायला लागतात. येताना स्टँडजवळ दत्ताने टेम्पो थांबवला आणि विचारलं, "आई, काही खाणार का? पेढा, भेळ?" जन्मात कधी या मुलाने मला असं विचारलं नव्हतं. तेव्हा मी ओळखलं, आपलं काही खरं नाही.

आक्काचा अंगठा

आता आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींचेही मालक केव्हाच गेले. एकाच अंगणात तिचं दार पूर्वेला, माझं उत्तरेला. तिला मूलबाळ नाही. मी अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळत होते तेव्हा माझा दत्ता तिच्याच कडेवर असायचा. तो मला आई म्हणतो आणि तिला थोरली आई.

आक्का पोरांची पडजीभ उचलायची. पोराला खोकला लागून राहिला की आमच्याकडे म्हणतात, पडजीभ पडली. मग त्याला घेऊन यायचं आक्काच्या ओट्यावर. ती अंगठ्याला मीठ आणि हळद लावायची, पोराला म्हणायची, "आ कर." अंगठा आत घालून पडजीभ वर दाबायची. पोरगं बोंबलायचं. "गीळ." ते गिळायचं. मग हनुवटीखाली तोच अंगठा लावून तोंड बंद करायची, "मीट आता." झालं. पोरगं गप्प. बरं व्हायचं ते अंगठ्याने की आपोआप, देव जाणे, पण आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून बाया यायच्या.

आणि मी? मी या घरात आले ती सातवी पास होऊन. ती सातवी मी डोक्यावर भरल्या हंड्यासारखी मिरवायचे. खरा हंडाही तसाच. आडावरून येताना चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि दोन्ही हात मोकळे सोडून चालायचं. का, तर मान दिसावी म्हणून. मला माझ्या मानेचा फार गर्व होता, हसू नका. तेव्हाची ती बया आज समोर आली तर तिला म्हणेन, अगं सटवे, बाहेरून काय मिरवतेस, आत काय चाललंय ते बघ आधी.

पुढे अंगणवाडीत लागले आणि शहाणपणाला ऊतच आला. एका बैठकीत आम्हाला तक्ता मिळाला. त्यावर एक रडणारं बाळ, त्याच्या तोंडात बोट आणि त्या बोटावर लाल फुली. 'बाळाची पडजीभ दाबू नये.' मी तो तक्ता नेमका आक्काच्या दारासमोरच्या भिंतीवर चिकटवला. आक्काला वाचता येत नव्हतं.

"धाकटे, काय लिवलंय गं?"

समोर बघून खरं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणाले, "बाळाच्या तोंडात हात घालायच्या आधी साबणानं धुवावा, असं लिहिलंय."

त्या दिवसापासून आक्का अंगठा साबणाने धुवायला लागली. माझी एवढीच काय ती आरोग्यसेवा तिच्यापर्यंत पोचली.

बुधवार

गुरुवारी तुकडा काढायचा होता. बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. आक्का ओट्यावर सुपात हुलगे निवडत बसली होती. मी जाऊन शेजारी बसले. गाठीला हत्यार लागलं की ती पसरते असं मी लोकांकडून ऐकलेलं. आयुष्यभर बायांना सांगत आले, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका. पण तुकडा स्वतःचा निघणार असला ना, की ऐकीव तेवढंच खरं वाटतं.

"आक्का, माझी पडजीभ बघता का?"

"कुनाची?"

"माझी."

तिने सूप बाजूला ठेवलं. "आगं बया! तक्ता फाटला व्हय?"

म्हणजे तिला माहीत होतं! इतकी वर्षं! कुणीतरी केव्हाच वाचून दाखवला असणार आणि तरी ती माझ्यादेखत साबणाने हात धूत राहिली.

"उद्या तुकडा काढणार आहेत हो," मी म्हणाले.

तिचं हसू गेलं. उठली, मोरीवर जाऊन साबण लावून हात धुतला, मीठ-हळद घेतली. माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. "आ कर."

साबणाची आणि मिठाची चव आली. अंगठा पडजिभेपाशी थांबला नाही. जे फुगलं होतं तिथे गेला आणि दाबला.

"गीळ."

मला गिळता आलं नाही. समोरची भिंत पांढरी झाली. आक्काचं तोंड हलताना दिसत होतं, पण आवाज नव्हता. मी उजव्या हाताने तिचा दंड धरायला गेले, तर हात माझं ऐकेना. तो मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मग सगळंच गेलं.

शब्द

जामखेडहून मला तसंच नगरला हलवलं. दिवस मावळेपर्यंत हात परत आला, पण शब्द आले नाहीत. म्हणजे येत होते, पण भलतेच. पाणी मागायचं तर तोंडून 'कुलूप' निघायचं. पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई माझं बोलणं ऐकून तोंडावर पदर घेऊन हसायच्या आणि हसू आवरलं की देवाची माफी मागायच्या. मीही हसायचे. रडू आलं तर त्याला कुठला शब्द लागत नाही, ते मात्र बरोबर यायचं.

दवाखान्याची सकाळ लवकर होते. आधी फरशी पुसणारी मावशी, मग ब्लडप्रेशर, मग सुई, मग चहा. तो चहा गोड आणि कोमट असायचा आणि त्याची मी वाट बघायचे. ती मावशी रोज विचारायची, "आज कुलूप देऊ का पाणी?" त्या दिवसांत माझ्याशी चारचौघांसारखं बोलणारी तेवढी एकच. बाकी सगळे माझ्याकडे बघून हळू बोलायचे.

मला आक्काला निरोप धाडायचा होता. काय झालं ते मला कळत नव्हतं, पण ती ओट्यावर एकटी राहिलीय एवढं कळत होतं. मी दत्ताला म्हणायला गेले, आक्काला बोलव. तोंडून आलं, "चुंबळ आण."

"काय पाहिजे आई?"

"चुंबळ. चुंबळ आण रे!"

दत्ता बाहेर गेला. रेखा म्हणाली, ते जिन्यात बसून रडतायत.

रेखानेच मग माझे केस विंचरता विंचरता मला सगळं सांगितलं. मला गाडीत घातल्यावर दत्ताने भर अंगणात, शेजारपाजाऱ्यांसमोर आक्काला म्हटलं होतं, "थोरले आई, तुझ्या त्या अंगठ्यानं माझी आई खाल्ली."

"मग आक्का?"

हा शब्द मात्र सरळ आला. रेखाचा हात थांबला.

"आत गेल्या. दार लावून घेतलं."

मशीन

ज्यांचा फोटो अजून काढायचाय त्यांना सांगते, घाबरू नका. फळीवर निजवतात आणि फळी एका मोठ्या कड्यात जाते. दंडातून औषध सोडतात. ते सोडलं की अंगातून ऊन पाणी पळत गेल्यासारखं होतं आणि वाटतं की लुगड्यात झालं. झालेलं नसतं. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी शरमेने अर्धी झाले. तुम्ही होऊ नका.

दुसऱ्या दिवशी एक पोरगेला डॉक्टर आला. त्याने संगणकावर माझी मान दाखवली. मला वाटलं होतं गाठ दिसेल. दिसल्या दोन नसा.

"आजी, हृदयाकडून डोक्याला रक्त नेणाऱ्या या दोन मोठ्या नसा. एक डाव्या बाजूने जाते, एक उजव्या. तुमच्या मात्र वाकून आत आल्यात, अगदी मधोमध. घशाच्या मागच्या भिंतीला लागून. तिथे त्या एकमेकींना टेकल्यात. जे उडताना दिसतं ते हेच. गाठ नाहीये. आजारही नाहीये. तुमची ठेवणच अशी आहे. क्वचित कुणाची असते."

"हंड्यानं झालं का?" मी विचारलं. बोलणं अडखळत होतं, पण त्याला कळलं.

"नाही हो. काहींच्या जन्मापासून अशा असतात, काहींच्या वयाप्रमाणे वाकत जातात."

"नाव काय ह्याला?"

त्याने दत्ताकडे बघितलं. दत्ताने फरशीकडे. "इंग्रजीत याला... किसिंग कॅरोटिड्स म्हणतात. म्हणजे, एकमेकींना टेकलेल्या."

"सातवी पास आहे मी," मी म्हणाले. एवढे दिवस माझ्या जिभेची वेटोळी होत होती, पण हे वाक्य कसं सरळ आलं! "किसिंग कळतं मला."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. दत्ता त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

मग डॉक्टर गंभीर झाला. त्या जागी दाबलं गेल्याने डोक्याचं रक्त काही क्षण तुटलं, थोडक्यात निभावलं, आता कुणालाही तिथे हात लावू देऊ नका, म्हणाला. दत्ताने मान हलवली. त्याच्या मनातलं मला दिसत होतं: बघ, मी म्हणत नव्हतो? म्हणून मीच विचारलं, "आणि तुकडा?"

"कसला तुकडा?"

दत्ताने जामखेडची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरचं पेन हातातच राहिलं. "तिथे चिमटा लावला असता तर..." म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.

वाक्य त्याने पुरं केलं नाही. मी मनात पुरं केलं. गुरुवारी मी खुर्चीत बसले असते, आ केला असता आणि त्या खुर्चीतून उठले नसते. बुधवारी आक्काने अंगठा लावला म्हणून माझा गुरुवार चुकला.

हे दत्तालाही कळलं. तो उठून खिडकीपाशी गेला.

उपाय काय, तर काही नाही. त्या नसा काढता येत नाहीत, सरकवता येत नाहीत, सरकवायची गरजही नाही. रक्त पातळ राहायची एक गोळी. आणि एक चिठ्ठी: 'घशामागे नसा मध्यभागी आहेत, टोचू-कापू नये, नळी घालताना सांभाळावे.' ती मी मोबाईलच्या कव्हरात ठेवलीय. दातांच्या डॉक्टरलाही मी आधी ती वाचायला देते आणि मगच तोंड उघडते. तुमचं माझ्यासारखं असेल तर तुम्हीही द्या. लाजू नका.

चिंधी

घरी आले तर आक्का तिच्या दारात बसली होती. उठली नाही. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाई. कापलं."

पण ती जखम काही बरी होईना. भाकरी थापताना ती अंगठा मुठीत धरायची. मग भाकरी एकीकडून जाड, एकीकडून पातळ व्हायची. अख्ख्या आळीत जिच्या भाकरीसारखी भाकरी नव्हती, तिची ही भाकरी. खोकणारं पोर घेऊन कुणी आलं की दारातूनच म्हणायची, "अंगनवाडीत न्या. तक्त्यावर काय लिवलंय ते वाचा." मला आत ऐकू यायचं. जन्मभर मला जे हवं होतं ते झालं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

एके सकाळी मी फोटोची ती मोठी काळी फिल्म घेऊन तिच्या दारात गेले आणि उजेडाकडे धरली.

"हे बघा आक्का. ही माझी मान. आणि ह्या दोन नसा. दोन बाजूंनी जायच्या सोडून मधे येऊन बसल्यात, एकमेकींना टेकून."

"जावाजावा हायत जनू," ती म्हणाली. पहिल्यांदा तिने वर बघितलं.

"आपल्याच आहेत."

"थोरली कंची?"

"ही जाड."

ती हसली. जरासंच. मी तेवढ्यात घाईने सगळं सांगून टाकलं. तुकडा, चिमटा, गुरुवार. "तुमच्या अंगठ्यामुळं मी जगले, आक्का. डॉक्टरच म्हणाले."

डॉक्टर असं म्हणाला नव्हता. पण असं मी शपथेवर म्हणेन.

आक्काने फिल्म माझ्या हातातून घेतली, नीट सरळ केली आणि परत दिली. "तुला बोलता लई चांगलं येतं. सातवी शिकलीस."

"खोटं बोलते का मी?"

"तसं न्हाई गं. पर धाकटे, ते माझ्या अंगठ्याखाली उडत हुतं, चिमनीच्या पिल्लावानी. आन् मग थांबलं. त्या टायमाला तू न्हवतीस तितं. मी हुते."

तिथे खरंच मी नव्हते.

दत्ता तिच्याशी बोलायला लागला, पण ते दारात उभं राहून. एकदा टेम्पो लावून आला आणि म्हणाला, "थोरले आई, चहा टाक." तिने टाकला. डाव्या हाताने. तो ओट्यावर बसून प्याला, कप स्वतः विसळून ठेवला. त्याला माफी मागायची होती आणि कप विसळण्यापलीकडे ती कशी मागायची ते त्याला माहीत नव्हतं. तिने कप पुसून फळीवर ठेवला. इतकंच झालं दोघांत. मी त्याला बोलले, तर म्हणाला, "काय म्हणू आई? तोंडातून गेलेलं परत कसं घेऊ?" त्याच्या घशात तर माझ्यासारखं काही नव्हतं, तरी त्याचाही घास अडला होता.

आ कर

मग रोजचाच एक नेम पडला. सकाळी गौरी शाळेत जायच्या आधी आक्का आमच्या दारात यायची. दोन्ही हात पाठीमागे, शाळेत उभ्या केलेल्या पोरीसारखे.

"धाकटे, आ कर."

मी करायचे. गौरी बॅटरी धरायची. आक्का लांबूनच मान वाकवून बघायची.

"उडतंय?"

"तुम्हीच बघा की."

"उडतंय." आणि वळून निघून जायची. 'मीट आता' म्हणायची नाही.

मला वाटलं, एकदा का ती हे म्हणाली, एकदा तिचा अंगठा माझ्या हनुवटीला लागला, की सुटली ती. म्हणून मी खोड्या सुरू केल्या. ती निघून गेली तरी मी तोंड उघडंच ठेवायचे. तशीच अंगणात यायचे, तशीच तिच्या मागे तिच्या दारापर्यंत. रेखा म्हणायची, "आई, माशी जाईल!" शेजारच्या बाया काम सोडून बघायच्या. आक्का पाठ न वळवता म्हणायची, "येडी झालीस का गं? म्हातारी झालीस आता." पण ते दोन शब्द नाहीत. शेवटी जबडा दुखायचा आणि माझं मीच मिटायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ताप भरला, धाप लागली. दत्ताने तिला उचलून टेम्पोत पुढच्या सीटवर बसवलं, माझ्या वेळी घातलं नव्हतं इतक्या हळू. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातल्या नर्सने बोटाला चिमटा लावण्यासाठी हात हातात घेतला आणि अंगठ्याची चिंधी सोडली. मी शेजारीच होते. आत कापल्याची एक रेघ नव्हती. नुसता पांढरा, सुरकुतलेला, ऊन न लागलेला अंगठा. तान्ह्या बाळाचा असतो तसा.

दत्ताने तो बघितला. तिच्या पायाशी बसला आणि दोन्ही हातांनी तिची पावलं धरून राहिला. "सोड रं," ती म्हणाली. "गुदगुल्या व्हत्यात." तो सोडेना.

मला घरी न्या, असा तिने हट्ट धरला. डॉक्टरांनीही फार अडवलं नाही. त्यातच सगळं आलं.

तिचं अंथरूण तिच्याच दारापाशी घातलं, उजेडात. एका सकाळी मी तिला चमच्याने पेज भरवत होते. तिने चमचा बाजूला केला.

"धाकटे. आ कर."

मी वाटी खाली ठेवली आणि आ केला. बॅटरी नव्हती. गौरी शाळेत गेली होती. आक्काला आता माझा चेहरासुद्धा नीट दिसत नसावा, घशातलं कुठून दिसणार? तरी बघत राहिली. मग तिचा हात गोधडीतून वर आला. मी जागची हलले नाही. अंगठा माझ्या हनुवटीखाली आला आणि तिथेच टेकून राहिला, जणू खालून काही ऐकत होता.

"चालू हाय की गं," ती म्हणाली.

मी मान हलवली. तोंड उघडंच. डोळ्यांतलं पाणी ओघळून तिच्या अंगठ्यावर गेलं, तेही तिने पुसलं नाही. मग तिने हळूच खालून दाब दिला.

"मीट आता."

त्यानंतर ती थोडे दिवस होती, पण माझ्याशी बोलली ते एवढंच शेवटचं. माझं म्हणणं तिला पटलं होतं का, ते मला ठाऊक नाही. मी तसं धरून चालते.

दत्ताने तिला अग्नी दिला. घरी आल्यावर त्याने कुणाला न सांगता भिंतीवरचा तो तक्ता काढला. कागद केव्हाच पिवळा झाला होता, बाळाचं तोंड उडालेलं, नुसती लाल फुली शिल्लक. मी म्हटलं, "अरे, लिहिलंय ते खरंच आहे. राहू दे." त्याने तो परत लावला. जरा वाकडाच लागलाय.

त्या बाकावरच्या बाईला सांगायचं ते इतकंच की नस जागा सोडून असली तरी माणूस जगतं. सकाळी उठून मी मोरीवरच्या आरशासमोर उभी राहते, मोबाईलची बॅटरी लावते आणि आ करते. दोघी तिथेच असतात. एकमेकींना टेकून, टुकटुक. थोरली अजून थोरलीच आहे, धाकटी अजून तिच्या अंगावर रेललेली. मी बघून घेते. आणि मग तशीच उभी राहते, तोंड उघडं टाकून. आतून रेखा हाक मारते, "आई, चहा निवतोय." तरी उभीच. मग स्वतःचाच अंगठा हनुवटीखाली लावते. तोंड मिटतं.

पण त्याला कळतं, हा अंगठा धाकटीचा आहे.